दिराशी लग्न कर, नाहीतर पेन्शन जाईल

हे वाक्य माझ्या आईला १९७२ साली ऐकावं लागलं. तेव्हा ती वीस वर्षांची होती. गेल्या महिन्यात काटोल तालुक्यातल्या एका मुलीने मला तेच वाक्य सांगितलं. तिच्या सासरी तिला ते उठता बसता ऐकवतात. आईच्या वेळी ते खरं होतं. या मुलीच्या बाबतीत ते खोटं आहे, पण खोटं आहे हे सांगणारं तिच्या आसपास कोणी नव्हतं. नियम दिल्लीत बदलतो. गावातल्या ओट्यावर मात्र जुनाच नियम चालू राहतो, आणि त्याची किंमत एखादी सत्तावीस वर्षांची पोर मोजते. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते आहे. कोणाच्या घरात, नात्यात, गावात अशी मुलगी असेल तर तिला हे वाचून दाखवा.

मी नागपूरला इंदोऱ्यात राहते. नोकरी एका बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षं पेन्शनच्या टेबलावर. निवृत्त झाल्यापासून रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना आटोपली की तिथेच सतरंजीवर बसते आणि बाया आपापले कागद घेऊन येतात. उत्तर नागपूर आणि कामठी हा फौजेत माणसं पाठवणारा भाग आहे. कामठीची छावणी १८२१ सालची, आज तिथे गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर आहे. आमच्या समाजातली मुलं मात्र पिढ्यान्‌पिढ्या महार रेजिमेंटमध्ये जात आली. ती रेजिमेंट ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली आणि त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. माझे बाबा त्याच रेजिमेंटमध्ये शिपाई होते. डिसेंबर १९७१ मध्ये पश्चिम सीमेवर ते कामी आले.

त्या काळी जवानाचा देह घरी येत नसे. तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगावी यायला लागल्या त्या कारगिलपासून, म्हणजे १९९९ पासून. आमच्याकडे फक्त तार आली, आणि पुढे काही आठवड्यांनी एक काळी ट्रंक. त्यात गणवेश होता, दाढीचं सामान होतं आणि आईनेच पाठवलेली पत्रं होती. मी तेव्हा दीड वर्षाची. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला, आजी आणि आई घरी विड्या वळायच्या. काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, सतरा वर्षांचा.

युद्ध संपल्यावर सरकारने फेब्रुवारी १९७२ मध्ये एक मोठा आदेश काढला. लढाईत गेलेल्या जवानाच्या बायकोला नेहमीच्या कौटुंबिक पेन्शनपेक्षा पुष्कळ जास्त पेन्शन द्यायची, असं त्यात ठरलं. फौजेत तिला लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन म्हणतात. आजही युद्धविधवेची पेन्शन म्हणजे हीच. आईचा हक्क सरळ होता. तरी पैसा हातात यायला वेळ लागला, आणि त्याचं कारण आईचं नाव.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. आई माहेरची सीता, सासरी आल्यावर शांता झाली. फौजेत प्रत्येक जवानाच्या घरच्या माणसांची नोंद असते, तिला किंड्रेड रोल म्हणतात. बाबांनी त्यात सीता लिहिलं होतं. आजोबांनी पेन्शनचा अर्ज शांताच्या नावाने केला. महार रेजिमेंटच्या सागरच्या रेकॉर्ड ऑफिसातून पत्र आलं की आमच्या नोंदीत सीता आहे, ही शांता कोण? मग सरपंचाचा दाखला, पोलीस पाटलाचा दाखला, कोर्टात अ‍ॅफिडेव्हिट, दोन साक्षीदार. या प्रत्येक कामासाठी आजोबांची मिलमधली एक पाळी बुडायची. पुढे बँकेत बसल्यावर मला कळलं की हे फक्त आमच्याच घरी झालं नव्हतं. माझ्या टेबलावर आलेल्या रखडलेल्या फायलींमध्ये माहेरचं नाव आणि सासरचं नाव हा घोळ सतत दिसायचा. नवऱ्याने लिहिलेलं एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसऱ्याच स्पेलिंगचं. ज्यांची मुलगी जवानाच्या घरी दिली आहे त्यांनी तिचं नाव युनिटच्या नोंदीत काय लिहिलंय ते जावई जिवंत असतानाच, तो सुट्टीवर आला की, विचारून घ्यावं. अभद्र बोलतेय असं वाटेल, पण विचारावं.

नावाचा घोळ मिटायच्या आतच घरात लग्नाची बोलणी सुरू झाली. नियम असा होता की विधवेने पुन्हा लग्न केलं की तिची पेन्शन बंद. त्याला एकच अपवाद. तिने मेलेल्या नवऱ्याच्या सख्ख्या भावाशी लग्न केलं आणि ती त्याच कुटुंबात राहिली, किंवा बाकीच्या वारसांना सांभाळत राहिली, तर पेन्शन चालू. कोण्या साहेबाने हा नियम केव्हा लिहिला मला ठाऊक नाही, पण तो लिहिताना त्याच्या डोळ्यासमोर बाई नव्हती, घर होतं. पैसा घराचा. बाई त्या पैशाला बांधलेली. ती घराबाहेर गेली तर पैसाही थांबवायचा.

समाजातली चार शहाणी माणसं आमच्या ओट्यावर बसली. आजीला दोष देत नाही मी. तिचा कर्ता मुलगा गेला होता, आजोबांना मिलमधल्या धुळीने दम लागायचा, आणि वीस वर्षांची सून उद्या माहेरी गेली तर नातही जाईल आणि पैसाही, ही भीती तिला झोपू देत नव्हती. काकाला कोणी विचारलंच नाही. तो मागच्या अंगणात तोंड लपवून बसला होता, हे त्यानेच मला मोठेपणी सांगितलं. आईला विचारलं, कारण तिचा अंगठा लागणार होता. आई सातवी शिकलेली, ती सही करायची. ती म्हणाली, "भाऊजी माह्या हातची भाकर खाऊन शाळेत गेले. त्याहिले मी नवरा कशी म्हनू जी? मी कुठी जाऊन नाई राह्यली. सासू-सासऱ्याले पाहीन, पोरीले पाहीन. पन हे नाई करन."

बोलणी तिथेच थांबली. आई घर सोडून गेली नाही आणि दुसरं लग्नही केलं नाही, म्हणून पेन्शनही गेली नाही. आजी-आजोबांना तिने शेवटपर्यंत सांभाळलं. काकाचं लग्न तिनेच लावून दिलं, आजही तो दर पौर्णिमेला आईला भेटायला येतो.

पण त्या नियमाने आईला सोडलं असं नाही. साधारण १९७५-७६ मधली गोष्ट असेल. कामठीचे एक शिक्षक होते, बायको गेलेली, पदरी एक मुलगा. वस्तीत रात्रीचे वर्ग घ्यायचे. त्यांनी रीतसर माणूस पाठवून आईला मागणी घातली. आईने होकाराला वेळ मागितला. तिने काय केलं ते तिने मला फार उशिरा, माझं लग्न ठरल्यावर सांगितलं. तिने एका वहीच्या पानावर हिशेब मांडला: आजोबांचं औषध, माझी शाळा, किराणा, घरभाडं. एका बाजूला पेन्शन धरून, दुसऱ्या बाजूला पेन्शन नसताना. पेन्शन गेली तर आजी-आजोबा विड्यांवर जगणार, आणि ती त्या गुरुजींच्या पगारावर माझ्यासकट ओझं होऊन जाणार. तिने नकार कळवला. "चांगला मानूस होता," एवढंच ती म्हणाली आणि धुतलेले कपडे घडी करत बसली.

देशाने माझ्या वडिलांच्या बदल्यात आईला पेन्शन दिली, हे खरं. त्या पेन्शनवर मी शिकले, हेही खरं, आणि मी त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण त्याच कागदाने वीस वर्षांच्या बाईला सांगितलं की तुला लग्न करायचं तर या एकाच पुरुषाशी कर, नाहीतर कोणाशीच नको. माझ्या आईचं उरलेलं आयुष्य त्या एका अटीने ठरवलं. हे मला कधीही पटलेलं नाही आणि पटणार नाही.

आता काटोलच्या मुलीकडे येते. तिचा नवरा काश्मीरमध्ये अतिरेक्यांच्या गोळीबारात गेला. सहा वर्षांचा मुलगा आहे. ती नर्सिंग शिकते आहे, आणि तिथेच ओळख झालेल्या एका मुलाशी तिला लग्न करायचंय. सासरचे म्हणतात, दिराशी कर, बाहेर केलंस तर पेन्शन बंद होईल आणि नातवाचं नुकसान होईल. एटीएम कार्ड सासऱ्यांकडे. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, तिने कधी पाहिलाच नव्हता. तिची बहीण मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून घेऊन आली होती, तोही सासरच्या कपाटातून लपूनछपून.

तो मी त्या मुलीला ओळ न् ओळ वाचून दाखवला. पेन्शन लिबरलाइज्ड आहे, तिच्याच नावाची आहे. आणि आजचा नियम असा आहे: मुलं असलेल्या विधवेने कोणाशीही लग्न केलं, दीर असो की परका, आणि ती मुलांचा सांभाळ करत राहिली, तर पूर्ण पेन्शन तिलाच मिळत राहते. तिने मुलांना सोडलं तर पेन्शनची वाटणी होते, एक भाग तिला आणि उरलेला मुलांना. म्हणजे नातवाचं नुकसान कुठल्याच बाजूने नाही. मुलगा तिच्याजवळच राहणार आहे. लग्न झालं की ते लपवायचं मात्र नाही. कौटुंबिक पेन्शन घेणाऱ्या बाईला पुनर्विवाहाबद्दल लिहून द्यावं लागतं, तिथे खरं लिहायचं, लग्नाचा दाखला जोडायचा आणि मुलाला सांभाळते आहे हे कळवायचं. लपवलं तर उद्या वसुली लागते, आणि मग हक्काची बाई चोर ठरते.

शौर्यपदकाबरोबर मिळणाऱ्या मासिक भत्त्याला दिराची ती अट आणखी बरीच वर्षं चिकटून होती. ती सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. दोन हजार सतरा! आई तेव्हा पासष्टीची होती. मी तिला पेपर वाचून दाखवला तर तिने दोनदा वाचायला लावला.

मूल नसलेल्या विधवेलाही पुनर्विवाहानंतर पेन्शन मिळू शकते, त्याच्या अटी पेन्शनच्या प्रकाराप्रमाणे वेगळ्या आहेत. साध्या कौटुंबिक पेन्शनमध्ये मात्र मुलं असलेल्या विधवेने लग्न केलं तर तिची पेन्शन थांबते आणि मुलांकडे जाते. म्हणून कोणतंही पाऊल उचलण्याआधी आपला पीपीओ कोणत्या प्रकारचा आहे ते बघायचं.

तिच्या सासऱ्यांबद्दल एक सांगते. माणूस लबाड नाही. पाच एकर कोरडवाहू, दोन वर्षं कपाशी गेलेली, आणि मुलगा गेल्यापासून सुनेची पेन्शन हाच घरातला खात्रीचा पैसा. जवान अविवाहित असताना लढाईत गेला तर आईवडिलांना पेन्शन मिळते, दोघं असतील तर लिबरलाइज्ड पेन्शनच्या ७५ टक्के, एकटे असतील तर ६० टक्के. पण मुलाचं लग्न झालेलं असेल तर पहिला हक्क बायकोचा, आणि ती हक्कदार आहे तोवर म्हाताऱ्यांच्या नावे वेगळं काही येत नाही. त्यांची तक्रार मला समजते. तिच्यावर सरकारने उपाय काढायला हवा, म्हाताऱ्यांसाठी वेगळी तरतूद करायला हवी. पोरीला दिराच्या गळ्यात बांधणं हा तो उपाय नाही. ती स्वतःच म्हणाली की मी महिन्याला त्यांना पैसे पाठवत जाईन, ते माझ्या लेकाचे आजी-आजोबा आहेत. मी तिला सांगितलं, पाठव, पण कार्ड आधी तुझ्या हातात घे.

पेन्शनचे प्रकार म्हणाले, ते नीट सांगायला हवेत, कारण सगळा फरक तिथेच पडतो. जवान सेवेत असताना साध्या आजाराने किंवा सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने गेला तर साधी कौटुंबिक पेन्शन, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. सेवेत असताना मृत्यू झाला तर पहिली दहा वर्षं ती ५० टक्के असते. मृत्यू सेवेमुळे किंवा सेवेतल्या परिस्थितीमुळे आला, ड्युटीवर अपघात झाला, तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ६० टक्के. आणि शत्रूशी लढताना, अतिरेक्यांच्या हल्ल्यात, युद्धासारख्या कारवाईत गेला तर लिबरलाइज्ड, पूर्ण १०० टक्के. समजा शेवटचा पगार ४०,००० होता. एका बाईला ४०,००० मिळतील, दुसरीला २४,०००, तिसरीला पहिली दहा वर्षं २०,००० आणि मग १२,०००. या सगळ्यावर महागाई भत्ता वेगळा. तिघींचेही नवरे फौजेच्याच गणवेशात गेले. कोण कोणत्या रकान्यात बसणार हे युनिटचा अहवाल आणि चौकशी ठरवते. लष्करी भाषेत बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतला मृत्यू, की फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे इतर कारणाने आलेला. हा निर्णय होतो तेव्हा बाई घरात तेराव्याच्या किंवा पुण्यानुमोदनाच्या गर्दीत बसलेली असते. तिला कोणी विचारत नाही, आणि पुढे तिचं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर चालतं.

एक खटला सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असलेला एक नाईक भयंकर थंडीत हृदय बंद पडून गेला. आधी त्याला बॅटल कॅज्युअल्टी धरलं, मग बदलून फिजिकल कॅज्युअल्टी केलं. बायकोला स्पेशल पेन्शन मिळाली, लिबरलाइज्ड नाकारली. ती सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेली आणि जिंकली. त्यावर सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं, या बाईला न्यायालयापर्यंत ओढायलाच नको होतं असं सुनावलं आणि तिला ५०,००० रुपये खर्चापोटी द्यायला लावले. नवरा गेल्यापासून जवळजवळ बारा वर्षं. ती लढली म्हणून तिच्यासारख्या कितीतरी जणींना आता तो निकाल दाखवता येईल. माझ्या पिशवीत त्याची प्रत असते. ज्यांच्या पीपीओवर ६० टक्के लिहिलंय आणि नवरा सीमेवर, बर्फात, गस्तीवर गेला आहे, त्यांनी युनिटचा तो अहवाल मागवून वकिलाला दाखवावा. आपल्याला त्यासाठी न्यायाधिकरणाचं मुंबईचं खंडपीठ लागतं.

पूर्वी आईची पेन्शन ट्रेझरीतून यायची, मग बँकेतून, आता स्पर्शमधून. स्पर्श ही संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन व्यवस्था, प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयातून थेट खात्यात पैसे येतात. व्यवस्था चांगली आहे, मी बँकेत असताना महागाई भत्त्याचे फरक काढण्यात जेवढ्या चुका व्हायच्या तेवढ्या आता होत नाहीत. पण म्हाताऱ्या बायांसाठी नोव्हेंबर आला की धास्ती. हयातीचा दाखला आता अंगठ्यावर, म्हणजे यंत्रावर बोट टेकवून द्यायचा असतो. आमच्या इंदोऱ्यातल्या, कामठीतल्या बायांनी जन्मभर विड्या वळल्या. तेंदूपत्ता आणि जर्दा हाताळून बोटांच्या रेषाच झिजल्या आहेत. आईची दहाही बोटं यंत्राने नाकारली. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "आजी, तुमचं मॅच होऊन नाही राह्यलं." दोन-तीन केंद्रं फिरून आई घरी येऊन म्हणाली, "म्या जित्ती हाव की नाई, ते बोट सांगन का?" आता मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, त्यामुळे हा प्रश्न सुटला. फक्त जीवन प्रमाणमध्ये, म्हणजे हयातीच्या दाखल्याच्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेत, पेन्शन देणारी संस्था म्हणून जुनी बँक निवडू नका, स्पर्श निवडा. ही चूक फार होते, दाखला भलतीकडे जातो आणि पेन्शन थांबते. चेहरा घेताना खिडकीसमोर बसवा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगा.

दुसरी गोष्ट वयाची. पेन्शनर बाई ८० वर्षांची झाली की मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला पेन्शन दुप्पट. हे आपोआप व्हायला तिची जन्मतारीख नोंदीत हवी. जुन्या पीपीओवर अनेकदा ती नसतेच. आईच्या आधारवर वय तीन वर्षांनी कमी पडलं होतं, म्हणजे तीन वर्षांची वाढ बुडाली असती. आईला तिचं वय एकाच खुणेने माहीत आहे: १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर ती तिच्या वडिलांच्या खांद्यावर बसून गेली होती आणि तेव्हा चार वर्षांची होती. ही खूण कोणताही संगणक घेत नाही. शेवटी तिच्या नगरपालिकेच्या शाळेत जाऊन जुनं रजिस्टर उघडायला लावलं आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळवला. त्यात १९५२ आहे. आता तिची तारीख दुरुस्त झाली. तुमच्या घरात ६२च्या, ६५च्या, ७१च्या लढाईत नवरा गेलेली कोणी आजी असेल तर याच आठवड्यात तिच्या नोंदीतली जन्मतारीख बघा.

आणि एक जखम अजून उघडी आहे, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला हे संपवता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या विदर्भातला, बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेला जवान, सियाचीनमध्ये ड्युटीवर असताना गेला. त्याच्या आईवडिलांना ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान आणि इतर काही रकमा लागू होत्या. रक्कम लहान नाही. पण पेन्शन नाही, कारण २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत अग्निवीराच्या घरच्यांना पेन्शनच नाही. मी आयुष्यभर बँकेत बसले, एकरकमी पैशाचं काय होतं ते मी पाहिलंय. घर बांधलं जातं, नात्यातला कोणी उसने नेतो, कोणी गाडी घे म्हणतो, आणि पाच वर्षांनी पासबुकात काही नसतं. पेन्शन दर महिन्याला येते, म्हणून ती उरते. माझी शाळा त्या दर महिन्याच्या पैशावर झाली. माझ्या बाबांना ट्रंकेत आलेल्या एका रकमेत मोजलं असतं तर मी आज विड्या वळत असते. त्याच बर्फात, त्याच शत्रूसमोर उभ्या असलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या घरच्यांना जन्मभर पेन्शन आणि दुसऱ्याच्या घरच्यांना एक धनादेश, हा भेद काढून टाकला पाहिजे. ज्यांना खासदार भेटतात, निवेदन देता येतं, त्यांनी हे मागावं. मी मागते आहे.

विहारात मी रविवारी सकाळी वंदनेनंतर दुपारी एकपर्यंत असते. येताना पीपीओ, पासबुक, आधार, पॅन आणि जवानाच्या मृत्यूचा युनिटकडून आलेला जो कागद असेल तो आणावा. फोटो असेल तरी चालेल. लग्नाआधीचं नाव असलेला कोणताही कागद सापडला तर तोही घ्यावा. ज्यांना इंदोरा लांब पडतं त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं, तिथे अर्ज भरून देतात आणि त्याचे पैसे लागत नाहीत. कोणी पैसे मागितले तर देऊ नका. सासऱ्यांनी, दिराने सोबत यायला माझी काहीच हरकत नाही, फक्त माझ्यासमोर बसायचं तिने, आणि कागदही तिच्याच हातात असावेत.